कारणाचा रकाना

४ सप्टेंबर, सोमवार

हेडसरांनी आज केबिनचं दार लावून घेतलं, तेव्हाच ओळखलं की वरून काहीतरी आलंय. परिपत्रकच होतं. सरकारी शाळांत पहिल्या तासाआधी सभागृहात दहा मिनिटं प्रार्थना, 'इच्छुक विद्यार्थ्यांसाठी'. ज्या पालकांची इच्छा नसेल त्यांच्या मुलांवर सक्ती नाही. इच्छा आहे की नाही हे कसं ठरवायचं, ते शाळेनं पाहावं. शाळेनं म्हणजे कार्यालयानं, आणि कार्यालय म्हणजे मी, एक पंखा आणि तीन कपाटं.

सर वैतागले होते. म्हणाले, "ताई, शाळा सगळ्यांची आहे. इथं गणित शिकवावं, देव ज्यानं त्यानं आपापल्या घरी ठेवावा. पण आपल्याला कोण विचारतंय? निदान ज्याला नाही म्हणायचंय त्याला नाही म्हणता आलं पाहिजे, एवढं तुम्ही बघा."

मला बरं वाटलं. सव्वीस वर्षांपूर्वी सर गणिताचे शिक्षक म्हणून लागले आणि मी लिपिक म्हणून, एकाच आठवड्यात. तेव्हापासून दुपारचा डबा एकत्र. माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा दोन महिने माझे पट त्यांनी लिहिले, चुका करून का होईना. मुख्याध्यापक झाले तरी 'ताई' म्हणायचं सोडलं नाही.

मी देव मानते. रोज सकाळी चहाआधी दोन मिनिटं डोळे मिटून बसते. पण त्याला माईक लागत नाही आणि रांगही लावावी लागत नाही.

६ सप्टेंबर, बुधवार

नकारपत्र तयार केलं. विद्यार्थ्याचं नाव, इयत्ता, पालकाचं नाव, कारण, सही. खाली ठळक अक्षरांत: 'ही माहिती कार्यालयात गोपनीय राहील.' त्याखाली माझी सही आणि शिक्का. सर म्हणाले, "वा! तुमच्या हातात काम दिलं की डोक्याला ताप नाही."

घरी ह्यांना दाखवलं. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "कारण कशाला?"

म्हटलं, "अर्ज म्हटला की कारण आलंच. रजेचा अर्ज असो, दाखल्याचा असो, खिडकीची काच बदलायचा असो."

"मला नको असेल तर नको. त्याला कारण काय द्यायचं?"

तीस वर्षं कंडक्टरकी केली, निवृत्त झाले, तरी सगळ्यांना 'पुढे चला' म्हणायची सवय गेलेली नाही. कार्यालयाचं काम ह्यांना काय कळणार?

११ सप्टेंबर, सोमवार

पहिली प्रार्थना झाली. चित्रकलाबाईंनी सांगितली. त्यांचा आवाज गोड आहे आणि भक्तीही खरी, पण त्यांनी माईक इतका जवळ धरला की श्वाससुद्धा मैदानापर्यंत ऐकू येत होते. न बसणाऱ्या मुलांना माझ्या शेजारच्या वाचनालयात बसवलं. लक्ष मीच ठेवते.

दहा नकारपत्रं आली आहेत. लोकांनी रकाना मन लावून भरलाय. सुतारदादांनी लिहिलंय, 'आमचा धर्म वेगळा आहे. तुमच्या देवावर आमचा राग नाही, पण मुलाला दोन देवांच्या कात्रीत सापडू द्यायचं नाही.' एका वडिलांनी नुसतं लिहिलं होतं, 'कारण सांगायची इच्छा नाही.' मी तो अर्ज परत पाठवला, असं चालणार नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी बिचाऱ्यानं अर्धं पान लिहून आणलं. लोकांना थोडी शिस्त लावली की लिहितात नीट.

१३ सप्टेंबर, बुधवार

आज दुपारी एक बाई परिचारिकेच्या गणवेशातच खिडकीशी आल्या, ड्यूटी संपवून थेट. सहावीतल्या एका मुलीची आई, आणि आमच्या शाळा समितीच्या अध्यक्षांची सून. अध्यक्ष म्हणजे प्रार्थनाघराचे मोठे विश्वस्त. सभागृहातला माईक त्यांनीच दिलेला. त्यांचा मुलगा, म्हणजे हिचा नवरा, जहाजावर असतो आणि वर्षातून दोनदा घरी येतो.

कागद हातात धरून उभी राहिली. "हा कोण कोण बघतं?"

"मी बघते. आणि लागलाच तर हेडसर. ते घरातलेच समजा."

"मामंजींना कळलं तर माझं त्या घरात राहणं कठीण होईल हो. माझ्या पाळ्या अशा, मुलीचं सगळं तेच बघतात. जीव आहे त्यांचा तिच्यावर. उद्या म्हणाले, पोरगी इथं राहील, तू तुझं बघ, तर मी काय करू?"

"मग भरू नका ना," मी म्हटलं. "दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"तसंच म्हणाले मी तिला. तर म्हणते, आई, मी डोळे मिटते पण आत काहीच होत नाही, मग मी रोज खोटं वागते का? आता अकरा वर्षांच्या पोरीला ह्यावर काय सांगायचं?"

मी पेन पुढे सरकवलं. तिनं खिडकीच्या फळीवरच लिहिलं. अक्षर सुरेख. 'माझा विश्वास नाही. मुलीचा आहे की नाही, हे तिला अजून शोधायचं आहे. कृपया घरी कळू देऊ नये.'

एवढं लिहायला नको होतं असं मला क्षणभर वाटलं, पण भरलेला रकाना बघून समाधानही झालं. मी तिला शब्द दिला. म्हटलं, "माझ्या कपाटातून कागद बाहेर जायचा तर आधी मला ओलांडून जावं लागेल." ती हसली. जाताना दोनदा वळून बघितलं तिनं.

एकूण अकरा झाली. नवी फाईल उघडली, हिरवी.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

डबा खाताना सरांनी निवृत्तीचा विषय काढला. मार्चमध्ये ते निवृत्त होतात. दोन वर्षं वाढवून मिळण्याची आशा आहे, पण त्याला समितीची शिफारस लागते. मी म्हटलं, तुम्हाला नाही मिळणार तर कोणाला? ते म्हणाले, "अध्यक्षांचं मन कळत नाही, ताई. त्यांना वाटतं मी प्रार्थनेच्या बाबतीत थंड आहे."

मग म्हणाले समितीला आकडा कळवायचाय, किती नकार आले ते. मी म्हटलं, अकरा. ते म्हणाले, एकदा फाईल नजरेखालून घालतो. मी उठायला लागले तर म्हणाले, "बसा, जेवा. दुसरी किल्ली आहे माझ्याकडे." किती समजून घेतात.

१८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी सकाळी डोकं फिरलं. झेरॉक्स मशीन सरांच्या केबिनमध्ये असतं आणि रोज सकाळी त्याचा आकडा मी वहीत टिपते, कारण कागद वर्षाला मोजून मिळतो. शुक्रवारनंतर अकरा प्रती जास्त निघाल्यात आणि वहीत नोंद कोणाची नाही. चित्रकलाबाईच, दुसरं कोण? त्यांना प्रार्थनेचे कागद वाटायचा सोस आहे. शिक्षकखोलीत सगळ्यांदेखत म्हटलं, "देवाचं काम असलं तरी वहीत सही लागते." त्या लालबुंद झाल्या. "मी नाही काढल्या," म्हणाल्या. बरं, नाही तर नाही.

२५ सप्टेंबर, सोमवार

वाचनालयात अकराच्या अकरा मुलं येतात. सुतारदादांचा मुलगा रोज तेच एक विमानांचं पुस्तक उघडतो. अध्यक्षांची नात नकाशे बघते. आज मला विचारलं, "बाई, तुम्ही प्रार्थना करता?" म्हटलं, करते. "मग तुम्ही आमच्यात का बसता?" म्हटलं, तुम्ही दंगा करू नये म्हणून. हसली. आईसारखीच हसते. सगळं किती सुरळीत चाललंय. सरांना म्हटलं, आपल्या शाळेनं करून दाखवलं. ते खिडकीबाहेर बघत 'हं' म्हणाले. तब्येत बरी नसावी.

३ ऑक्टोबर, मंगळवार

वाचनालयात आज सात मुलं. अध्यक्षांची नात नाही. आजारी असेल म्हणून हजेरी बघितली तर हजर. सभागृहात डोकावले. पहिल्या रांगेत बसली होती. डोळे मिटलेले.

४ ऑक्टोबर, बुधवार

सुतारदादा आले ते ओरडतच आले. रविवारी रस्त्यात अध्यक्षांनी त्यांना थांबवलं आणि चार लोकांत म्हणाले, "कात्री आम्ही लावली होय तुमच्या पोराला?" शब्द न् शब्द त्यांच्या अर्जातला.

"बाई, तुमची सही होती त्याच्यावर," सुतारदादा म्हणाले. "मी सरकारच्या सहीवर विश्वास ठेवला नसता. तुमच्या सहीवर ठेवला."

मी कपाट उघडलं. हिरवी फाईल जागेवर, अकरा कागद, क्रमानं. मी ते दोनदा मोजले. मग मला चित्रकलाबाई आठवल्या आणि डोकं तापलं. थेट त्यांच्या वर्गात गेले, मुलं बाहेर काढली, आणि नको नको ते बोलले. म्हटलं, तुमची भक्ती लोकांच्या घरात काड्या टाकायला निघाली का? त्या हातातला ब्रश धुवत राहिल्या. पाणी स्वच्छ झालं तरी धूत राहिल्या.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या ताई, पेल्यातलं वादळ आहे." मला त्यांची कीव आली. किती सहन करतो हा माणूस.

५ ऑक्टोबर, गुरुवार

चित्रकलाबाईंनी प्रार्थना सांगायचं सोडलं. लेखी दिलं सरांना, आणि जाताना माझ्या टेबलाशी थांबल्या.

"बाई, तुमचा माझ्यावर संशय आहे, असू दे. पण जो येत नाही त्याचं नाव त्याच्या घरापर्यंत पोहोचतंय. मग जो येतो तो मनापासून येतो हे मी कशावरून धरू? भीतीनं मिटलेले डोळे मला देवापुढे न्यायचे नाहीत."

मी खाली मान घालून पट लिहीत बसले. वाचनालयात आज तीन.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

संध्याकाळी ह्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. हे भाजी निवडत होते. मी म्हटलं, कपाट फुटलेलं नाही, कागद जागेवर आहेत, मग बातमी गेली कशी?

"त्या कपाटाला किल्ल्या किती?"

"दोन. माझी आणि सरांची."

"आणि अर्ज किती?"

"अकरा."

"आणि त्या दिवशी तू झेरॉक्सवरून तणतणत आलीस, त्या प्रती किती होत्या?"

हे पुन्हा भाजी निवडायला लागले. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. मी उठून गॅलरीत गेले. खालचा दुकानदार कुणाशी तरी हसत होता, त्याचाही राग आला मला. सव्वीस वर्षं ज्याच्या डब्यातलं खाल्लं त्यानं माझ्याच कपाटातून, माझ्याच सहीच्या कागदांनी माझा केसानं गळा कापला. आणि त्यानं 'बसा, जेवा' म्हटल्यावर मी बसले, जेवले!

९ ऑक्टोबर, सोमवार

सरांना विचारलं. दार मीच लावलं.

नाकारतील असं वाटलं होतं. नाकारलं असतं तर मी कदाचित विश्वासही ठेवला असता, इतकी मी मूर्ख आहे. पण ते शांतपणे म्हणाले, "मी काही चोरी केलेली नाही. शाळेचे कागद आहेत, मी मुख्याध्यापक आहे. अध्यक्षांनी विचारलं. आजोबाला नातीबद्दल विचारायचा हक्क नाही का?"

"खाली गोपनीय लिहिलं होतं, सर."

"तुम्ही लिहिलं होतं." मग म्हणाले, "आणि कारणाचा रकाना मी मागितला होता का? नुसतं हो-नाही असतं तर त्यात दाखवण्यासारखं होतं काय, सांगा बरं? लोकांच्या मनातलं तुम्ही लिहून घेतलंत, ताई. मी फक्त वाचलं."

तोंडात मारल्यासारखं झालं. मला त्यांना खूप काही सुनवायचं होतं, पण आठवले ते कारण न सांगणारे वडील. त्या बिचाऱ्या वडिलांचा अर्ज मी परत पाठवला होता. ते 'सांगायची इच्छा नाही' म्हणत होते, आणि मी शिस्त लावत होते.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. त्यांनी उघडला. मला आवाज येत होता.

चित्रकलाबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ठीक आहे." ठीक नव्हतं, दिसत होतं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सुतारदादांनी शिक्षण कार्यालयात तक्रार केली. पत्र आलं: सोमवारपर्यंत मूळ फाईल जिल्हा कार्यालयात पाठवा, आणि लिपिकाचा खुलासाही.

सरांनी खुलासा टाईप करूनच ठेवला होता. 'अनवधानाने कपाट उघडे राहिले असावे.' खाली माझं नाव, सहीची जागा मोकळी. म्हणाले, "ताई, तुमची दोनच वर्षं राहिलीत. ताकीद मिळेल, बाकी काही नाही. माझं सगळं जाईल. सव्वीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलंय का?"

नाही मागितलं, हे खरं आहे. म्हणूनच रडू आलं. मी कागद पिशवीत घातला आणि म्हटलं, उद्या सांगते.

घरी येऊन विचार करत बसले. सही करायची नाही हे तर लगेच ठरलं. पण फाईल? जिल्हा कार्यालयात ती दहा टेबलांवरून फिरेल. प्रत्येक टेबलावर माझ्यासारखी एकेक बाई. वाचतील, नोंद करतील, प्रती काढतील. न्याय मिळवायला तोच कागद पुन्हा दहा जणांना वाचायला द्यायचा?

ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "कागद कोणाचा आहे?" मी म्हटलं, शाळेचा. मग म्हटलं, नाही, ज्यानं लिहिला त्याचा.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

खुलासा लिहिला, हातानं. रकाना माझ्या डोक्यातून आला आणि ती माझी चूक. किल्ल्या दोन. अमुक तारखेला मुख्याध्यापकांनी फाईल घेतली. त्यानंतर त्यांच्या केबिनमधल्या मशीनवर अकरा प्रती निघाल्या, आकड्यांची वही सोबत जोडली आहे. मूळ अर्ज पालकांचे असल्याने ते पालकांना परत करत आहे. सही, तारीख, शिक्का. आयुष्यात मी एक कागद फाडला नाही की हरवला नाही, आणि आता अख्खी फाईल रिकामी करतेय असं स्वतःच्या हातानं लिहून दिलं.

सर वाचून पांढरे पडले. "मूळ कागदच नाहीत म्हटल्यावर माझ्यावर काही सिद्ध होत नाही, हे कळतंय का तुम्हाला? अडकाल तुम्हीच."

"कळतंय."

"तरी नाव घातलंत माझं." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "ताई, तुम्ही माझ्याशी असं वागाल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं."

आणि खरंच त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नाटक नव्हतं, मी ओळखते ना त्यांना. दगा आपल्याला झालाय असं त्यांना मनापासून वाटतंय. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

१४ ऑक्टोबर, शनिवार

दहा घरं फिरले. कोणी चहा विचारला, कोणी दारातूनच कागद घेतला. सुतारदादांनी माझ्यासमोरच तो चुलीत घातला. ते वडील, ज्यांना मी अर्धं पान लिहायला लावलं होतं, म्हणाले, "आमची पोरं आता सभागृहातच बसतात, बाई. कटकट नको." वाचनालयात कोणीच उरलेलं नाही हे मला माहीत होतं, तरी ऐकून वाईट वाटलं.

अकरावा कागद द्यायला हॉस्पिटलच्या मागच्या क्वार्टरमध्ये जावं लागलं. अध्यक्षांच्या सूनबाई आता तिथं राहतात, हे मला नर्सिंगच्या खिडकीवर कळलं. एक खोली. दोन खाटा, दोन्हींवर धुतलेल्या चादरी. एकीवरच्या उशीला सुरकुतीही पडलेली नव्हती.

मी कागद पुढे केला आणि माफी मागितली. तिनं तो घेतला, वाचला नाही.

"हा घेऊन काय करू? घरात सगळ्यांचा पाठ झालाय."

मी म्हटलं, मी लेखी दिलंय, सगळं खरं लिहिलंय. ती खाटेच्या कडेवर बसली.

"मी मुलीला सांगून ठेवलं होतं, आजोबांनी विचारलं तर खरं सांग. आपण चोरी करत नाही. तर त्यांनी तिला नाही, मला विचारलं. जेवताना, तिच्यासमोर. 'पोरगी प्रार्थनेला बसते ना?' आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, बसते की. मला खात्री होती ना, कागद तुमच्या कपाटात आहे. मी म्हटलं, शाळेत विचारा हवं तर. त्यांनी खिशातून प्रत काढून ताटाशेजारी ठेवली. माझं अक्षर. मला काही नाही बोलले ते. पोरीकडे बघितलं फक्त."

मी विचारलं, मुलगी कुठं आहे? त्यांनी ठेवून घेतली का?

"नाही हो. ते म्हणाले, ने तिला. मी दोनदा आणायला गेले." तिनं कागदाची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक. "तीच येत नाही. रोज स्वतःहून पहिल्या रांगेत बसते. मी म्हटलं, बाळा, तुला तर आत काही होत नव्हतं. तर म्हणाली, आजोबा निदान खोटं बोलत नाहीत."